देणगीदाराचे नाव मतदानाआधी

१९५७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक वेगळेच प्रकरण आले होते. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीने काय करावे आणि काय करू नये हे ठरवणाऱ्या मूळ दस्तऐवजात, राजकीय पक्षांना देणगी देण्याचे कलम घालायचे होते. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी या बदलाला मान्यता दिली, कारण तेव्हाचा कायदा त्याच्या आड येत नव्हता. पण निकाल देताना त्यांचे मन निर्धास्त नव्हते. कंपन्यांचा पैसा पक्षांच्या तिजोरीत येऊ लागला तर नुकत्याच उभ्या राहिलेल्या लोकशाहीला त्यातून धोका आहे आणि संसदेने त्याचा वेळीच विचार करावा, असे त्यांनी निकालपत्रात बजावले. संसदेने विचार केला, अनेकदा केला. १९६० मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा आली. १९६९ मध्ये त्या साफ बंद झाल्या आणि १९८५ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. २०१३ च्या कंपनी कायद्यात आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के ही कमाल मर्यादा ठरली आणि २०१७ मध्ये तीही गेली. दर वेळी चर्चा झाली ती कंपन्यांनी द्यावे की नाही आणि द्यायचे तर किती, एवढ्यापुरती. ज्याच्या मतावर हा सगळा डोलारा उभा आहे त्या मतदाराला कोणी कोणाला किती दिले हे कळणार का, आणि कळणार असेल तर कधी, हा प्रश्न मागे पडला. निवडणूक निधीच्या पारदर्शकतेसाठी ज्या कायद्याची मागणी या पुस्तकात केली आहे, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे, आणि त्यातही ‘कधी’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे.

निवडणूक रोख्यांची हकीकत आता बहुतेकांना ठाऊक आहे, तरी तिचे काही तपशील पुन्हा डोळ्यांसमोर ठेवायला हवेत. २०१७ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी या योजनेची घोषणा केली आणि २ जानेवारी २०१८ रोजी तिची अधिसूचना निघाली. एक हजार रुपयांपासून एक कोटी रुपयांपर्यंतचे रोखे स्टेट बँकेतून विकत घ्यायचे, हव्या त्या पक्षाला द्यायचे आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते वटवायचे. रोख्यावर देणाऱ्याचे नाव नाही, पक्षाने ते निवडणूक आयोगाला कळवायचे नाही, आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे कंपनीने आपल्या नफा-तोटा पत्रकात दाखवायचे नाही. यासाठी लोकप्रतिनिधित्व कायदा, कंपनी कायदा, प्राप्तिकर कायदा आणि रिझर्व्ह बँकेचा कायदा असे चार कायदे एका वित्त विधेयकातून बदलले गेले. रिझर्व्ह बँकेने आधीच हरकत घेतली होती. निवडणूक आयोगाने मे २०१७ मध्ये कायदा मंत्रालयाला पत्र लिहून, देणग्यांच्या पारदर्शकतेच्या दृष्टीने हे मागे नेणारे पाऊल आहे, असे कळवले होते. तरीही योजना सहा वर्षे चालली आणि १६,५०० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ती योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे पीठाने सांगितले.

निकालानंतरचा महिना या विषयाचा सर्वांत बोलका पुरावा आहे. खरेदीदार आणि पक्ष यांचे तपशील ६ मार्चपर्यंत आयोगाला द्यावेत, असा आदेश होता. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. कारण असे दिले की, रोखे कोणी घेतले याची माहिती आणि कोणत्या पक्षाने वटवले याची माहिती या दोन वेगळ्या ठिकाणच्या नोंदी आहेत, दोन्ही मोहोरबंद लिफाफ्यांतून मुंबईच्या मुख्य शाखेत जमा झाल्या आहेत, आणि २२,२१७ रोख्यांचा दोन्हीकडचा तपशील जुळवायचा तर ४४,४३४ नोंदी ताडून पाहाव्या लागतील. ३० जून म्हणजे लोकसभेचे मतदान आणि निकाल दोन्ही उरकल्यानंतरची तारीख. न्यायालयाने ११ मार्चला अर्ज फेटाळला आणि दुसऱ्या दिवशी माहिती आयोगाकडे पोचली. १४ मार्चला आयोगाने दोन याद्या प्रसिद्ध केल्या. एकीत खरेदीदाराचे नाव, तारीख, रक्कम. दुसरीत पक्षाचे नाव, तारीख, रक्कम. त्या दोहोंना जोडणारा धागा मात्र कुठेच नव्हता. सर्वाधिक म्हणजे १,३६८ कोटींचे रोखे एका लॉटरी कंपनीने घेतले हे कळले. भारतीय जनता पक्षाने सुमारे ६,०६० कोटींचे, तृणमूल काँग्रेसने १,६०९ कोटींचे आणि काँग्रेसने १,४२१ कोटींचे रोखे वटवले हेही कळले. पण कोणाचा पैसा कोणाकडे गेला ते कळेना. न्यायालयाने पुन्हा आदेश दिला तेव्हा २१ मार्चला प्रत्येक रोख्याचा स्वतंत्र क्रमांक जाहीर झाला आणि काही तासांत वार्ताहरांनी ओळीला ओळ जुळवून देणारा आणि घेणारा समोरासमोर आणले. निवडणुकीचा कार्यक्रम १६ मार्चलाच जाहीर झाला होता. म्हणजे प्रचार सुरू असताना, मत देण्याआधी, बड्या देणगीदारांची नावे पक्षनिहाय मतदाराच्या हाती पडली. हे घडले ते एका अपवादात्मक न्यायालयीन आदेशामुळे. एरवीच्या कायद्यात तशी कोणतीही तरतूद नव्हती आणि आजही नाही.

रोखे गेले म्हणजे प्रश्न सुटला, असा एक समज निकालानंतर पसरला. तो पुसणे हे या प्रस्तावनेचे पहिले काम आहे. निकालाने २०१७ चे बदल रद्द केले आणि आपण २०१७ पूर्वीच्या व्यवस्थेत परत आलो. पण ती व्यवस्था तरी कुठे पारदर्शक होती? असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने २००४-०५ ते २०१४-१५ या काळातील राष्ट्रीय आणि प्रादेशिक पक्षांचे हिशेब तपासले, तेव्हा ११,३६७ कोटी रुपयांच्या एकूण उत्पन्नापैकी ६९ टक्क्यांचा स्रोत अज्ञात होता. याचे कारण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ क कलमात आहे. वीस हजार रुपयांपेक्षा मोठ्या देणग्यांचीच नावे पक्षाने आयोगाला कळवायची आहेत. रोखीत दोन हजारांपेक्षा जास्त घेतल्यास करसवलत मिळत नाही, असे २०१७ मध्ये ठरले. पण नाव कळवण्याची वीस हजारांची रेषा तिथेच राहिली. मोठी रक्कम लहान लहान पावत्यांत विभागली की नाव कागदावर येत नाही, आणि अशा छोट्या देणग्यांची बेरीज कितीही झाली तरी तिच्या तपशिलाची सक्ती नाही.  न्या. अजित प्रकाश शाह यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात याच फटीवर बोट ठेवले होते. वीस हजारांखालील देणग्यांची बेरीज वीस कोटी रुपये किंवा पक्षाच्या एकूण देणग्यांच्या वीस टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्या पुढे गेली, तर त्यांचीही नावे जाहीर व्हावीत, अशी ती शिफारस होती. ती तशीच पडून आहे.

दुसरी फट इलेक्टोरल ट्रस्टची. २०१३ च्या योजनेनुसार कंपन्या ट्रस्टकडे पैसा देतात आणि ट्रस्ट वर्षभरात जमलेल्या पैशाचा किमान ९५ टक्के भाग पक्षांना वाटतो. ट्रस्ट आपले देणगीदार जाहीर करतो आणि कोणत्या पक्षाला किती दिले तेही जाहीर करतो. पण अनेक कंपन्यांचा पैसा एकत्र झाल्यावर नेमक्या कोणत्या कंपनीचा पैसा कोणत्या पक्षाला पोचला, हे त्या अहवालावरून ठरवता येत नाही. १४ मार्च २०२४ च्या त्या दोन सुट्या याद्याच इथे वेगळ्या रूपात भेटतात. रोखे बंद झाल्यावर हा मार्ग वेगाने रुंदावला आणि २०२४-२५ मध्ये ट्रस्टमार्फत पक्षांना मिळालेली रक्कम तीन हजार कोटींच्या वर गेली.

आता वेळापत्रक पाहू, कारण माझ्या मते सगळ्यांत मोठा दोष तिथे आहे आणि त्याची चर्चा सगळ्यांत कमी होते. देणग्यांचा अहवाल आर्थिक वर्ष संपल्यानंतर, प्राप्तिकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबरअखेर द्यायचा असतो. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. त्याआधीच्या दीड-दोन महिन्यांत, म्हणजे जेव्हा पक्षांना पैशाची सर्वांत जास्त गरज होती तेव्हा, आलेल्या देणग्या २०२४-२५ या वर्षात मोडतात. त्यांचा अहवाल द्यायची मुदत ऑक्टोबर २०२५. तोवर सरकार स्थापन होऊन, त्याचा पहिला अर्थसंकल्प मंजूर होऊन, कंत्राटे निघून, जमिनींचे आणि परवान्यांचे निर्णय होऊन जवळपास वर्ष उलटलेले. विधानसभेनंतर ७५ दिवसांत आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत पक्ष निवडणूक खर्चाचे जे विवरण देतात, त्यात जमा झालेली एकूण रक्कम असते, देणाऱ्यांची यादी नसते. म्हणजे मतदार केंद्रावर जातो तेव्हा उमेदवाराची मालमत्ता, त्याच्यावरचे गुन्हे, त्याचे शिक्षण हे सगळे त्याला पाहता येते. फक्त त्या उमेदवाराच्या पक्षाला कोणी उभे केले, हे नाही. निवड करून झाल्यावर मिळालेली माहिती अभ्यासकाच्या कामाची, मतदाराच्या नाही. म्हणून प्रस्तावित कायद्यातले पहिले कलम असे हवे की, ठरावीक रकमेपुढची प्रत्येक देणगी एरवी दर तिमाहीला आणि निवडणूक जाहीर झाल्यापासून मतदानापर्यंत थोडक्या दिवसांत, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावासह, संगणकावर शोधता आणि ताडता येईल अशा स्वरूपात जाहीर व्हावी.

यात अशक्य काही नाही. ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्यानुसार पक्ष दर तिमाहीला मोठ्या देणग्या कळवतात आणि सार्वत्रिक निवडणुकीच्या काळात दर आठवड्याला. जर्मनीत ३५,००० युरोंपेक्षा मोठी देणगी आली की ती संसदेच्या अध्यक्षांना तातडीने कळवावी लागते आणि त्या ती जाहीर करतात. अमेरिकेत मतदानाआधीच्या शेवटच्या वीस दिवसांत उमेदवाराच्या समितीला एक हजार डॉलर किंवा त्याहून मोठी देणगी मिळाली तर अठ्ठेचाळीस तासांत सूचना द्यावी लागते. पण अमेरिकेकडून सावधगिरीचा धडाही घ्यायला हवा. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरचे बंधन उठवले आणि मधल्या संस्थांमार्फत निनावी पैसा प्रचारात उतरू लागला. त्या संस्थांच्या मोठ्या देणगीदारांची नावे उघड करायला लावणारे डिस्क्लोज विधेयक त्याच वर्षी आले, पुन्हा पुन्हा मांडले गेले आणि सिनेटमध्ये अडत राहिले. आपल्या कायद्यात ट्रस्टच काय, पक्षासाठी जाहिरात देणारी कोणतीही मधली संस्था आपल्या मूळ देणगीदारापर्यंत उघडी असली पाहिजे. नाहीतर पक्षांचे हिशेब स्वच्छ दिसतील आणि पैसा शेजारच्या खात्यातून वाहत राहील.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप देणगीदाराच्या सुरक्षिततेचा आहे. विरोधी पक्षाला दिलेली देणगी उघड झाली तर सत्ताधारी सूड घेतील, म्हणून गुप्तता हवी, असे रोख्यांचे समर्थकही म्हणत होते. ही भीती खोटी नाही. छोट्या गावातला दुकानदार किंवा एखादा नोकरदार आपल्या आवडत्या पक्षाला हजार-दोन हजार देतो, त्याचे नाव फलकावर लावण्याचे काही कारण नाही. राजकीय मत ही त्याची खासगी बाब आहे आणि त्याच्या देणगीने सरकारी धोरण वाकत नाही. म्हणून मर्यादा हवी, आणि ती एका पावतीला नव्हे तर एका व्यक्तीच्या किंवा कंपनीच्या वर्षभराच्या बेरजेला लावायला हवी. पण कोट्यवधींची देणगी देणाऱ्याला गुप्ततेने खरेच संरक्षण मिळाले का? रोखे सरकारी मालकीच्या बँकेत ओळखपत्र दाखवून घ्यावे लागत आणि रोख्याचा क्रमांक अतिनील प्रकाशात वाचता येत असे, हे एप्रिल २०१८ मध्येच वृत्तमाध्यमांनी दाखवून दिले होते. ज्याच्या हाती सूड घेण्याचे सामर्थ्य होते त्याला माहिती मिळण्याची वाट खुली होती. ज्याच्या हाती फक्त एक मत होते तो मात्र पूर्ण अंधारात होता. क्रमांक जाहीर झाल्यावर देणगीदार कंपन्यांवर पडलेल्या छाप्यांच्या आणि त्यांच्या रोखेखरेदीच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. केवळ तारखांवरून लाच सिद्ध होत नाही, आणि विशेष तपास पथकाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तरीही देणगी दिल्याच्या आठवड्यातच ती सर्वांसमोर येत असती, तर दबावाखाली देणगी काढणाऱ्यालाही दहादा विचार करावा लागला असता. बड्या देणगीदाराला धाकदपटशापासून वाचवते ती उघडी नोंद.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसे घेतात: नावे उघड केली की पैसा पुन्हा रोखीत जाईल. १९६९ च्या बंदीचा दाखला त्यासाठी दिला जातो आणि तो चुकीचा नाही. कंपन्यांच्या देणग्या बंद झाल्या, पण पक्षांची गरज कमी झाली नाही. धनादेशाची जागा थैलीने घेतली. मात्र ते बंदीचे फळ होते. इथे मागणी आहे ती देणगी कायदेशीर ठेवून तिचे नाव उघडे करण्याची, आणि हा फरक मोठा आहे. शिवाय रोख्यांमुळे रोख पैसा हटला, असे तरी दिसले का? २०२४ च्या लोकसभेच्या पहिल्या टप्प्यातील मतदानाआधीच आयोगाने रोकड, दारू, अमली पदार्थ आणि वाटपाच्या वस्तू मिळून ४,६५० कोटींहून अधिक किमतीची जप्ती केली होती. २०१९ च्या संपूर्ण निवडणुकीतला आकडा ३,४७५ कोटींचा होता. गुप्त देणगीचा कायदेशीर मार्ग सहा वर्षे खुला राहिल्यानंतरचा हा हिशेब आहे. रोखीचा बंदोबस्त गुप्ततेने होत नाही, खर्चावर नजर ठेवल्यानेच होतो.

आणि खर्चाच्या बाजूचे दार आपण गेली पन्नास वर्षे सताड उघडे ठेवले आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्या मर्यादेत धरला पाहिजे. काही आठवड्यांत वटहुकूम निघाला, कायदा बदलला आणि पक्षाचा खर्च मर्यादेतून वगळला गेला. आज महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा आहे, गोव्यात ७५ आणि २८ लाखांची. पक्षाला मात्र कोणतीच नाही. उमेदवाराच्या हिशेबाची छाननी किती अवघड आहे हे भोकर मतदारसंघाच्या २००९ च्या प्रकरणात दिसले. वृत्तपत्रांत छापून आलेला मजकूर पैसे देऊन छापला होता का, आणि तो खर्च दाखवायला हवा होता का, हा वाद वर्षानुवर्षे चालला. हिशेब खरा आहे की नाही हे आयोग तपासू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये सांगितले. पुढे त्याच वर्षी आयोगाची कारवाई दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. त्या वादात कोण बरोबर होते, हा इथला मुद्दा नाही. पाच वर्षे जुन्या निवडणुकीच्या एका मतदारसंघातील जाहिरातींवर एवढी शक्ती खर्च व्हावी आणि पक्षांच्या शेकडो कोटींच्या खर्चाला मोजपट्टीच नसावी, हा कायद्याचा दोष आहे.

सरकारने निवडणूक खर्च उचलावा, म्हणजे देणग्यांची गरजच राहणार नाही, असेही सुचवले जाते. इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये मर्यादित आणि वस्तुरूप मदतीची शिफारस केली होती. तिचा विचार जरूर व्हावा, पण हिशेब आधी. ज्या पक्षांची जमा बाजू आपल्याला दिसत नाही त्यांना जनतेचा पैसा देणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणे आहे. पक्षांच्या अंतर्गत कारभारात बाहेरच्यांनी डोकावू नये, हा युक्तिवाद तर त्यांना मिळणाऱ्या करसवलतीपुढेच टिकत नाही. केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात असे ठरवले. त्यांपैकी एकाही पक्षाने तो आदेश पाळला नाही.

मग ज्यांच्यावर बंधन येणार तेच हा कायदा कसा करतील? उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांचा इतिहास याचे उत्तर देतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २००२ मध्ये उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करण्याचा आदेश दिला तेव्हा जवळजवळ सर्व पक्ष एक झाले. वटहुकूम आला, मग कायदा आला आणि आदेश निष्प्रभ करण्याचा प्रयत्न झाला. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ते कलम रद्द केले. आज अर्ज भरतानाच प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याच्या बातम्या येतात आणि पक्षही ते मुकाट्याने भरतात. ते शक्य झाले कारण नागरिकांनी मागणी सोडली नाही. प्रतिज्ञापत्र उपयोगी पडते ते मतदानाआधी हाती येते म्हणून. देणगीचा हिशेब त्याच रांगेत आणून बसवायचा आहे.

वाचकांना विनंती एवढीच की, पुढील पाने वाचून झाल्यावर आपल्या भागातल्या आमदार-खासदारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, एक प्रश्न लेखी विचारावा: मोठ्या देणगीदारांची नावे मतदानाआधी जाहीर करण्याच्या कायद्याला तुमचा पाठिंबा आहे का? पुढची लोकसभा निवडणूक २०२९ मध्ये आहे. आजचे नियम तसेच राहिले, तर त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत पक्षांना मिळालेल्या देणग्यांचा अहवाल देण्याची मुदत ऑक्टोबर २०३० मध्ये संपेल.